जीएसटी नंबर नसला तरी कपडे ऑनलाइन विकता येतात

“जीएसटी नंबर काढल्याशिवाय ऑनलाइन एक कुर्तासुद्धा विकता येत नाही,” असं गावोगावी अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. मोठ्या विक्री-ॲपपुरतं हे पूर्वी खरं होतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम बदलला आहे.

फक्त वस्तू विकत असाल, पॅनवरची वर्षाची एकूण उलाढाल ४० लाखांच्या आत असेल आणि माल महाराष्ट्रातच जाणार असेल, तर नोंदणी लागत नाही. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून एनरोलमेंट नंबर मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत. ॲपवर तोच भरायचा. बिलावर मात्र जीएसटी लावायचा नाही. सोबत शिलाईची किंवा फॉल-पिकोची मजुरी घेत असाल, तर मर्यादा २० लाख धरा.

खरी गोची सीमेवर होते. वरूडहून थेट सावंतवाडीला पार्सल गेलं तरी चालतं. पण शेजारच्या पांढुर्ण्याला गेलं की ते मध्य प्रदेशात, म्हणजे आंतरराज्य विक्री. तयार कपड्यांना तिथे पहिल्याच रुपयापासून नोंदणी सक्तीची. गोंदियाहून बालाघाटचंही तसंच.

स्वतःची वेबसाइट असेल तर एनरोलमेंट नंबरही नको, पण हे बंधन तुम्हालाच पाळावं लागतं. डिलिव्हरी पिनकोडवरच अडवा: ४० ते ४४ ने सुरू होणारे ठेवा आणि ४०३ आठवणीने वगळा, कारण तो गोव्याचा. तरीही बाहेरची ऑर्डर आलीच, तर माल न पाठवता लगेच पैसे परत करा.