स्टार कासव आणि स्लायडर: एक घरात चालत नाही, दुसरं नदीत

सोसायटीत कुणी काय पाळलंय हा विषय निघाला की कुत्री, मांजरं, मासे होऊन गाडी हमखास कासवावर येते. नाशिकमध्ये 'आमच्याकडेही आहे' म्हणणारा कुणीतरी भेटतोच. मात्र असं म्हणणाऱ्या दोघांकडे बऱ्याचदा अगदी निराळे प्राणी असतात. एकाच्या हॉलमध्ये काचेच्या टाकीत हिरवं कासव पोहत असतं, तर दुसऱ्याच्या बाल्कनीत, पाठीवर पिवळ्या चांदण्या काढल्यासारखं दिसणारं कासव कुंड्यांमधून फिरत असतं. पहिलं रेड-इअर्ड स्लायडर, दुसरं स्टार कासव. गप्पांच्या ओघात एकाचा सल्ला दुसऱ्याला दिला जातो आणि तिथून घोळ सुरू होतो. 'पाण्यात ठेवा हो, कासव आहे ते' हा सल्ला स्टार कासवाच्या जिवावर बेतू शकतो, कारण त्याला पोहता येत नाही. खोल टबात ते बुडून मरतं.

ओळखायचं असेल तर आधी पाय बघा. पाठीवरची नक्षी वयानुसार फिकट होते किंवा शेवाळाखाली झाकली जाते, पाय मात्र फसवत नाहीत. स्लायडरच्या बोटांमध्ये पातळ पडदा असतो आणि पाय वल्ह्यासारखे चपटे असतात. नराच्या पुढच्या पायांची नखं तर चांगलीच लांब वाढतात. स्टार कासवाचे पाय जाड, खवल्यांचे, खांबासारखे असतात आणि बोटं वेगळी दिसत नाहीत. त्यानंतर डोक्याकडे बघा. स्लायडरच्या डोळ्यामागे लाल पट्टा असतो, त्यावरूनच त्याला हे नाव मिळालं. कवचही वेगळं. पाणी कापत जायचं म्हणून स्लायडरचं कवच बसकं असतं. स्टार कासवाचं घुमटासारखं उंच असतं आणि प्रत्येक चकतीच्या मधोमध असलेल्या पिवळ्या ठिपक्यातून किरणं फुटल्यासारख्या रेषा निघतात. हातात घेतलं की ती नक्षी भडक वाटते. वाळलेल्या गवतात मात्र कडेकडेने उन्हाचे कवडसे पडलेले असताना तेच कासव दोन हातांवरून दिसत नाही.

दोघांची मूळ गावंही फार लांब आहेत. स्टार कासव आपल्याकडचं. गुजरात-राजस्थानचा कोरडा पट्टा, दक्षिणेत आंध्र, कर्नाटक आणि तमिळनाडूचे काही भाग, शिवाय पाकिस्तान आणि श्रीलंका इथे ते राहतं. स्लायडर अमेरिकेतलं, मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. अॅक्वेरियमच्या दुकानांतून ते जगभर पोहोचलं.

दुकानात मिळतं तेव्हा हे पिल्लू जेमतेम रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं असतं. रंग पोपटी हिरवा, हालचाल चटपटीत. सोबत प्लॅस्टिकचा छोटा डबा मिळतो, ज्यात मधोमध प्लॅस्टिकचं नारळाचं झाड असतं. त्या डब्यात हा प्राणी काही महिन्यांपेक्षा जास्त मावणार नाही, हे सांगण्यात दुकानदाराला रस नसतो. मादी वाढून २५ ते ३० सेंटीमीटरची होते आणि नीट सांभाळली तर तीस वर्षांच्या आसपास जगते. पाळणाऱ्यांमध्ये एक ढोबळ हिशेब चालतो: कवचाच्या दर इंचाला साधारण चाळीस लिटर पाणी. दहा इंचांच्या कासवाला म्हणजे चारशे लिटर, गच्चीवरच्या लहान पाण्याच्या टाकीएवढं. टू बीएचकेमध्ये ती टाकी कुठे ठेवायची, हे पिल्लू आणण्याआधीच ठरवलेलं बरं. पाणी तुंबलेलं चालत नाही, चांगला फिल्टर लागतो. पूर्ण बाहेर येऊन अंग वाळवता येईल अशी कोरडी जागाही लागते, आणि तिथे तीस-पस्तीस अंशांची ऊब.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष उन्हाकडे होतं. कवच मजबूत राहायला कॅल्शियम लागतं, ते अंगी लागायला डी-३ जीवनसत्त्व लागतं आणि ते तयार व्हायला सूर्यप्रकाशातले यूव्हीबी किरण लागतात. खिडकीच्या काचेतून हे किरण जवळजवळ येतच नाहीत. त्यामुळे टाकी खिडकीशी ठेवली म्हणजे काम झालं असं नाही. यूव्हीबी दिवा लावावा लागतो किंवा रोज थोडा वेळ थेट ऊन द्यावं लागतं, तेही अर्धी सावली ठेवून, नाहीतर एप्रिल-मेच्या उन्हात छोट्या टाकीतलं पाणी तापून प्राणी दगावतो. नाशिकच्या थंडीचं उलटं आहे. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा स्लायडर खाणं सोडून तळाशी निपचित पडतं. लोकांना वाटतं, झोपलंय. पाणी पंचवीस अंशांच्या आसपास ठेवणारा हीटर असेल तर ही वेळ येत नाही. डोळे सुजून मिटले असतील तर ती बहुतेकदा अ जीवनसत्त्वाची कमतरता असते, आणि त्यामागे वर्षानुवर्षं नुसतं वाळलेल्या कोळंबीवर ठेवणं हे कारण असतं. लहानपणी ते जास्त करून मांसाहारी असतं. मोठं झालं की त्याला पालेभाज्या आणि पाणवनस्पतीही द्याव्या लागतात. शिवाय ते घास पाण्यातच गिळतं, त्यामुळे हातावर भरवण्याचा हट्ट सोडावा.

आणखी एक गोष्ट, विशेषतः लहान मुलं असलेल्या घरांसाठी. कासवांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतो आणि प्राणी मात्र ठणठणीत दिसतो. मुलं पिल्लं तोंडात घालायची म्हणून अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. हात साबणाने धुवा आणि टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका.

स्टार कासव कसं पाळावं हे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण ते पाळताच येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर स्टार कासव अनुसूची एकमध्ये आलं, म्हणजे वाघाच्याच यादीत. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. या यादीतला प्राणी बाळगल्यास तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. 'विकत घेतलंय, पकडलं नाही' किंवा 'भेट मिळालंय' हा बचाव चालत नाही. आंतरराष्ट्रीय व्यापारावरही २०१९ पासून सर्वांत कडक श्रेणीची बंदी आहे. तरीही ही कासवं चोरून विकली जातात आणि गिऱ्हाईक बहुतेक वेळा गुन्हेगार वृत्तीचं नसतं. कासव घरात असलं की लक्ष्मी टिकते, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. त्यासाठी देवघरात पाण्याच्या ताटलीत ठेवलेलं पितळी कासव पुरेसं आहे. त्याला यूव्हीबी लागत नाही आणि वन विभागही विचारायला येत नाही.

स्लायडर परदेशी असल्यामुळे आपल्या देशी प्राण्यांच्या त्या यादीत येत नाही. म्हणून ते निर्धोक असं मात्र नाही. जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. युरोपीय संघाने त्याची आयात १९९७ मध्येच थांबवली. २०२२ च्या दुरुस्तीने केंद्र सरकारला अशा आक्रमक परदेशी प्रजातींची आयात, विक्री आणि बाळगणं यावर बंधनं घालायचा अधिकार दिला आहे, त्यामुळे नवीन पिल्लू आणायचा विचार असेल तर त्या वेळचा नियम वन कार्यालयात विचारून घ्यावा. माझं मत विचाराल तर आणूच नये.

कारण हे कासव पाच-सहा वर्षांनी डोईजड होतं आणि मग नाशिककराला एकच जागा आठवते: गंगा, म्हणजे आपली गोदावरी. रामकुंडाच्या पुढे, सोमेश्वरला किंवा थेट गंगापूर धरणावर जाऊन कासव सोडलं की सुटका झाली आणि वर पुण्यही लाभलं, अशी समजूत असते. गोदावरीच्या खोऱ्यात तिची स्वतःची कासवं आहेत. त्यातलं लीथचं मऊ पाठीचं कासव तर नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावर आहे. स्लायडर कशावरही जगतं, मादी वर्षातून अनेकदा अंडी घालते आणि ऊन खायच्या जागा अडवून बसते. केरळ आणि आसाममधल्या पाणथळ जागांत ही कासवं मोकळी सापडलीच आहेत. आणि हीच 'सुटका' स्टार कासवाच्या वाट्याला आली, तर ते नदीत सरळ बुडतं. चांभारलेण्याच्या डोंगरात नेऊन सोडणंही योग्य नाही. ते इथलं नाही, आणि कुठल्या भागातलं कासव कुठे परत न्यायचं हे वन विभागाने ठरवायचं असतं.

पावसाळ्यात मळ्याच्या चारीत किंवा विहिरीपाशी सापडणारं, पोटाखाली झडपा असलेलं मऊ पाठीचं कासव ही तिसरीच गोष्ट. तेही देशी, तेही संरक्षित. ते जिथे दिसलं तिथल्याच पाण्याजवळ राहू द्यायचं, पोरांसाठी बादलीत घालून घरी आणायचं नाही.

घरात स्टार कासव असेल तर वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करून ते स्वतःहून ताब्यात द्या. विकू नका, मित्राकडे सरकवू नका, कारण ते सापडल्यावर पुढचा माणूसही तितकाच अडकतो. तोवर त्याला कोरडी, उबदार जागा, गवत आणि हिरवा पाला द्या, उथळ ताटलीत पाणी ठेवा. स्लायडर असेल तर ते आता तुमचंच. मोठी टाकी घ्या. अगदीच जमत नसेल तर आधीच मोठी टाकी बाळगून असलेला दुसरा पाळणारा शोधा आणि नर-मादी एकत्र ठेवू नका. पिल्लं झाली तर ती द्यायला शहरात घरं मिळत नाहीत.