ठेकेदाराने पगार थकवला? नगरपालिकेकडूनही मागता येतो: अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

घंटागाडी, पाणीपुरवठा, दवाखाना, उद्यान, सगळीकडे हल्ली ठेक्यावरची माणसं. पगार थकला की ठेकेदार म्हणतो, "पालिकेकडून बिल निघालं नाही." पालिकेत गेलात तर ऐकायला मिळतं, "आम्ही ठेकेदाराला दिले, त्याला विचारा." ही दोन्ही उत्तरं कायद्यात बसत नाहीत. बिल अडलं तरी मासिक पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा, आणि कामावरून काढलं किंवा राजीनामा दिला तर हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू आहे. त्याच दिवशी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेच्या कलम ५५ प्रमाणे ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला, तर मुख्य मालकाने, म्हणजे इथे पालिकेने, तो भरायचा आणि ठेकेदाराच्या बिलातून वळता करायचा. ही तरतूद ५० किंवा जास्त कंत्राटी कामगार असतील तिथे लागू होते. कमी असतील तर वेतन संहितेच्या कलम ४३ चा आधार घेऊन मागणी करावी.

पालिकेचे कायम कर्मचारी आणि सरकारी नोकर यांचा मार्ग वेगळा. राज्य सरकारी कर्मचारी असाल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, म्हणजे मॅट. रेल्वे, बीएसएनएल किंवा केंद्राच्या इतर उपक्रमांत ठेक्यावर असाल तर केंद्रीय कामगार आयुक्तांचं कार्यालय. तिथे समाधान पोर्टलवरही तक्रार टाकता येते. बाकी सगळ्या ठेक्यावरच्या कामगारांनी जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांकडे जायचं.

त्याआधी पालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांना (महापालिका असेल तर आयुक्तांना) लेखी मागणी द्या, ठेकेदाराला प्रत. तुमच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका. तोंडी आश्वासनाला पुढे कुणी विचारत नाही.

दावा कामगार स्वतः, तो सभासद असलेली नोंदणीकृत युनियन किंवा कामगार खात्याचा निरीक्षक करू शकतो. अनेकांचा मिळून एकच अर्ज चालतो, आणि माझ्या मते तोच करावा. एकट्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढणं फार सोपं असतं. मुदत तीन वर्षं. संहितेच्या आधीचे महिने थकले असतील तर जपून: जुन्या कायद्यात पगाराच्या दाव्याला एक वर्ष, किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिने होते. अशा वेळी आधी युनियनला किंवा वकिलाला विचारा.

अर्जाला महिनावार तक्ता जोडा: हजेरीचे दिवस, दर, देय रक्कम, मिळालेली रक्कम, बाकी. सोबत आधार, ओळखपत्र, बँक पासबुकाच्या नोंदी, असतील तर पगारपत्रकं, हजेरीच्या पानांचे फोटो. पीएफचं पासबुक विसरू नका. ज्या महिन्याचा पगार बँकेत आला नाही, पण पीएफ जमा दिसतो, त्या महिन्यात तुम्ही कामावर होता हे ठेकेदारानेच लिहून दिलेलं असतं. कार्यादेश (पालिकेने ठेकेदाराला दिलेली वर्क ऑर्डर), ठेकेदाराची बिलं आणि त्याला जोडलेली हजेरी माहिती अधिकारात मागा. फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कोऱ्या व्हाउचरवर मात्र सही करू नका, कितीही घाई दाखवली तरी.

कागद अपुरे म्हणून अर्ज अडवून ठेवू नका. पगार दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची आहे.

अधिकाऱ्याने तीन महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न करावा असं संहिता म्हणते. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेव्हा प्रत्येक तारखेला कुणीतरी हजर राहावं. थकीत रकमेशिवाय तिच्या दहापटीपर्यंत भरपाईचा आदेश होऊ शकतो. निकाल पटला नाही तर ९० दिवसांत अपील. आणि आदेशानंतरही पैसे दिले नाहीत, तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते.