झाकण लावा अन् थांबा : गॅस बार्बेक्यूवर कोंबडी-मटण भाजताना

आमच्याकडून झाकणाची गॅस बार्बेक्यू शेगडी नेल्यावर आठ-पंधरा दिवसांत बऱ्याच जणांचा फोन येतो : "वरून कोळसा झाली, आतून कच्चीच राहिली." शेगडीत खोट नसते. दोन्ही बर्नर फुल, झाकण उघडं आणि कोंबडी बरोबर जाळावर, एवढंच झालेलं असतं. आमची पहिली कोंबडीही अशीच गेली, दुकानामागे, चार पाहुण्यांदेखत.

गोवऱ्यांवर भाजायचे कणकेचे रोडगे आठवा. पेटत्या गोवऱ्यांत कोणी रोडगा टाकत नाही. जाळ बसला की निखाऱ्यात ठेवतो आणि वरून गरम राख ओढतो. आच चहूबाजूंनी लागते, म्हणून आतला पदरही शिजतो. शेगडीत राखेचं काम झाकण करतं. झाकणाच्या गोल शेगडीची कल्पना १९५२ची, अमेरिकेतली. पाण्यावर तरंगणारे लोखंडी बोये बनवणाऱ्या कारखान्यातल्या जॉर्ज स्टीफन यांनी बोयाच्या अर्ध्या भागातून ती तयार केली. ती कोळशाची होती, पण तत्त्व तेच.

पेटवताना झाकण उघडं पाहिजे म्हणजे पाहिजे. बंद झाकणाखाली गॅस साचला आणि ठिणगी पडली तर भडका थेट तोंडावर येतो. मधेच बर्नर विझला तर नॉब बंद करा, झाकण उघडा, पाच मिनिटं थांबा, मगच परत पेटवा.

आता भाजणी. दोन्ही बर्नर लावून, झाकण बंद करून शेगडी १५ मिनिटं तापू द्या. मग एक बर्नर बंद करा. मांस बंद बर्नरच्या बाजूला ठेवायचं, त्याच्या खाली ट्रे आणि ट्रेमध्ये दोन पेले पाणी. चरबी पाण्यात पडते, बर्नरवर नाही, त्यामुळे भडका उडत नाही. झाकणावरचा काटा १७० ते १८० अंशांवर राहील इतपत चालू बर्नर कमी-जास्त करा. दीड किलोची साफ केलेली अख्खी कोंबडी साधारण सव्वा ते दीड तास घेते. अर्ध्या वेळात एकदा फिरवा. दर पाच मिनिटांनी झाकण उघडून पाहू नका. काटा खाली येतो, आणि परत चढेपर्यंत तुमचा वेळ आणि गॅस दोन्ही जातात. मांडीच्या जाड भागात, हाडाला न लागता, टोचणीचा थर्मामीटर ७४ अंश दाखवतो तेव्हा कोंबडी झाली समजा. गावरान कोंबडी मात्र रश्श्यासाठीच ठेवा. अशा कोरड्या आचेवर ती चिवट होते.

बकऱ्याची मागची मांडी दीड किलोची असेल तर काटा १६० वर ठेवा. पहिला तास फॉइलशिवाय, पण शेगडीचं झाकण बंद ठेवून भाजा, मग थोडं पाणी शिंपडून फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा आणि आणखी सव्वा तास ठेवा. आपल्याकडे हाडावरून सुटणारं मटण लागतं, ते या दुसऱ्या तासात होतं. उतरवल्यावर १५ मिनिटं तशीच झाकून ठेवा, लगेच कापली तर रस ताटात जातो. म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पंगत बारा वाजता बसणार असेल तर शेगडी नऊलाच पेटवायला हवी.

सावजी मसाला चालतो, पण दह्यात कालवून रात्रभर मुरवा. कोरडी भिवापुरी मिरची आचेवर करपते आणि कडू लागते, शिवाय ठसक्यानं घर रिकामं होतं.

शेगडी घरगुती रेग्युलेटरवरच चालते. हॉटेलचा हाय-प्रेशरवाला लावू नका. सिलिंडर उभा आणि सावलीत, शेगडीच्या खाली नको. नळीच्या जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर पेटवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, खड्ड्यात आणि नालीत साचतो, म्हणून शेतावर विहिरीच्या काठी किंवा बंद गोठ्यात शेगडी मांडू नका. कुटार आणि पऱ्हाट्यांचे ढीग लांब असू द्या. वारा असेल तर एका बाजूनं तट्टा लावा, चारी बाजूंनी नको.

शेगडी थंड झाल्यावर जाळी घासून, पुसून, तेलाचं बोट फिरवून ठेवा. ओली ठेवली तर पावसाळ्यात गंजणारच. नवी जाळी दुकानात मिळते, पण येताना जुनी घेऊन या, माप पाहावं लागतं.