भाषाप्रावीण्य चाचणी (खानदेशाच्या संदर्भात)

एखाद्या व्यक्तीला एखादी भाषा कोणत्या कामापुरती येते, हे ठरवणारी कसोटी. घटक चाचणी शिकवलेला धडा तपासते. प्रावीण्य चाचणी कोणत्याही धड्याला बांधलेली नसते. जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांत मराठीची अशी चाचणी करताना आधी ठरवावे लागते, ते मोजायचे काय. घरी अहिराणी, लेवा गणबोली, भिली, मावची किंवा पावरी बोलणारे मूल प्रमाण मराठीत कच्चे असेल. म्हणून ते भाषेतच कच्चे ठरत नाही.

सुरुवात संविधान तक्त्याने होते : श्रवण, भाषण, वाचन, लेखन यांना किती गुण, कोणत्या पातळीचे किती प्रश्न. ४० प्रश्न हवे असतील तर ६० तरी लिहावेत, कारण पूर्वचाचणीत (मुख्य चाचणीआधी काही मुलांवर प्रश्न करून पाहण्यात) बरेच गळतात. सर्वांत फसवा भाग उताऱ्याचा. केळीच्या बागेवरचा उतारा दिला, तर रावेर-यावलचे मूल तो न वाचताच उत्तरे देते आणि तोरणमाळचे मूल वाचूनही अडते. अशा वेळी मोजली जाते ती शेतीची माहिती. उपाय सोपा आहे : काही मुलांना उतारा न देता नुसते प्रश्न सोडवायला द्यावेत. चार पर्यायांच्या प्रश्नात नुसत्या अंदाजाने येणाऱ्या २५ टक्क्यांहून बरीच जास्त उत्तरे बरोबर आली, तर प्रश्न बदलावा.

बोलीचे गुणांकन आधीच लिहून ठेवावे. आकलनाच्या प्रश्नाला ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘मला’ऐवजी ‘माले’ असे उत्तर आले तरी पूर्ण गुण. प्रमाण लेखनाच्या प्रश्नात गुण कापता येतो, पण तीच लकब दहादा आली तरी एकदाच. तोंडी चाचणीत पहिली दोन मिनिटे घरच्या बोलीत, बिनगुणांच्या गप्पा असाव्यात; एरवी परीक्षक बुजरेपणालाच गुण देत बसतो. दोन परीक्षकांनी एकमेकांचे गुण न पाहता गुण द्यावेत. पाच पातळ्यांच्या मापात एकाहून अधिक पातळीचा फरक पडल्यास तिसऱ्याने ऐकावे.

पूर्वचाचणीनंतर पदविश्लेषण, म्हणजे एकेका प्रश्नाची तपासणी. १०० मुलांपैकी एकूण गुणांत वरची २७ आणि खालची २७ घेतात. वरच्यांपैकी २२ व खालच्यांपैकी ९ जणांचे उत्तर बरोबर असेल, तर काठिण्यमूल्य (बरोबर उत्तरांचे प्रमाण) ३१ ÷ ५४ = ०.५७ आणि भेदनमूल्य (प्रश्न वरच्या व खालच्या मुलांत किती फरक करतो ते) १३ ÷ २७ = ०.४८, प्रश्न ठेवावा. भेदनमूल्य ०.२० च्या खाली गेले तर प्रश्न दुरुस्त करावा. ऋण आले तर बहुधा उत्तरसूचीच चुकलेली असते. एकूण गुण सारखे असूनही पावरी भाषक मुले एकाच प्रश्नात सतत मागे पडत असतील, तर दोष प्रश्नात शोधावा.

विश्वसनीयता (पुन्हा घेतल्यास गुण किती सारखे येतील याचे माप, कमाल १) ०.८४ आणि प्रमाण विचलन (मुलांच्या गुणांचा सरासरीभोवतीचा पसारा) ६ गुण असल्यास मापनातील प्रमाण त्रुटी, म्हणजे एका मुलाचे गुण साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतात ते, सुमारे २.४ गुण येते. उत्तीर्णतेची रेषा २० वर असताना १९ आणि २१ गुणांच्या मुलांत खात्रीचा फरक सांगता येत नाही. त्यामुळे १८ ते २२ मधल्यांची दुसऱ्या प्रश्नसंचाने पुन्हा चाचणी घेतात.