‘आधीच्यासारखीच’ म्हणून मंजूर झालेली जाळी

खोकला आला, शिंक आली, पाण्याची कळशी उचलली की थोडी लघवी सुटते. बाळंतपणं झालेल्या कित्येक बायका हे वर्षानुवर्षं अंगावर काढतात, घरातही बोलत नाहीत. मूत्रमार्गाला खालून मिळणारा आधार सैल पडला की हे होतं. त्यावर मूत्रमार्गाखाली एक पट्टी झोळीसारखी बसवायची, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१० च्या सुमारास जर्मनीत गोबेल यांनी पोटाच्या स्नायूचा तुकडा त्यासाठी वापरला. पुढे १९४२ मध्ये अमेरिकेतल्या आल्ड्रिज यांनी पोटाच्या स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी वापरली. १९६१ पासून बर्च यांची टाक्यांनी आधार वर ओढून बांधण्याची पद्धत रुळली. या शस्त्रक्रिया चालायच्या, पण पोट उघडावं लागे आणि बाईला बरेच दिवस अंथरूण धरावं लागे.

दरम्यान हर्नियासाठी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या धाग्याची जाळी आली होती. फ्रान्सिस अशर यांनी साठच्या दशकात ती रुळवली. पोटाच्या भिंतीत ती चांगली टिकली, म्हणून योनीमार्गातही टिकेल असं धरून चालणं सोपं होतं. पण पोटाची भिंत जाड असते. योनीमार्गात जाळी आणि बाहेरचं जग यांच्यात पातळ अस्तर तेवढं असतं, जंतूंचा वावर असतो आणि पाळी गेल्यावर ते अस्तर आणखी पातळ होतं.

खरी कलाटणी दिली स्वीडनचे उल्फ उल्मस्टेन आणि ऑस्ट्रेलियाचे पीटर पेट्रोस यांनी. मूत्रमार्ग वर ओढायचा नाही, मधल्या भागाखाली पट्टी सैल ठेवायची. खोकताना ताण आला की ती आपोआप आधार देते, असं त्यांचं म्हणणं. १९९६ मध्ये उल्मस्टेन यांनी टीव्हीटी (योनीमार्गातून ताण न देता बसवायची पट्टी) ही पद्धत प्रसिद्ध केली. स्थानिक भूल, छोटे छेद, सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची, पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीची पट्टी. २००२ मध्ये ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या ३४४ बायकांच्या चाचणीत ती बर्चच्या शस्त्रक्रियेच्या तोडीची ठरली. नॉर्डिक देशांत ज्यांच्यावर पहिल्यांदा ही शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यापैकी तपासलेल्या नव्वद टक्क्यांहून जास्त बायकांना १७ वर्षांनंतरही गुण टिकला होता. म्हणजे पुढे जाळीच्या त्रासाच्या तक्रारी आल्या, तरी सगळीच जाळी वाईट, हे म्हणणं खरं नाही.

घोळ झाला तो मंजुरीच्या वाटेवर. अमेरिकेत नवं उपकरण आधीच्या उपकरणाशी ‘बऱ्याच अंशी सारखं’ आहे हे दाखवलं की माणसांवरच्या नव्या चाचण्यांशिवायही ते बाजारात येऊ शकतं. १९९८ मध्ये टीव्हीटी अशीच आली, आणि जिच्याशी तुलना झाली ती प्रोटेजेन ही पट्टी १९९९ मध्ये त्रासाच्या तक्रारींमुळे परत मागवली गेली. तुलनेचा आधार गेला, पण त्यावर उभ्या राहिलेल्या मंजुऱ्या तशाच राहिल्या. पुढच्या पट्ट्याही ‘सारख्याच’ म्हणून येत गेल्या.

पण सारखेपणा धाग्यात आणि विणीत मोजायला हवा. छिद्रं ७५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठी असली तर त्यांतून शरीराच्या संरक्षक पेशी, रक्तवाहिन्या आणि ऊती वाढतात. अनेक तंतू पिळून केलेल्या धाग्यांच्या फटींत जंतू लपतात, पेशींना मात्र तिथे शिरता येत नाही. ऑबटेप नावाच्या पट्टीची छिद्रं जेमतेम ५० मायक्रॉनची होती. ती उघडी पडण्याचं आणि पू होण्याचं प्रमाण इतकं वाढलं की २००६ मध्ये ती बाजारातून गेली. छोट्या छेदातून बसवायच्या ‘मिनी’ पट्ट्यांपैकी टीव्हीटी सेक्यूरही २०१२ च्या सुमारास बंद झाली.

छिद्रं कागदावर मोठी असणंही पुरेसं नाही. पट्टी ओढली की छिद्रं मिटतात, ती दोरीसारखी वळते आणि आतला दाह, व्रण, दुखणं सुरू होतं. कडा यंत्राने कापल्या तर विसविशीत होऊन कण सुटतात. लेसरने कापल्या तर कण थांबतात, पण पट्टी ताठ होते. माझ्या मते सुधारणेचा सगळा पेच या एका कडेतच दिसतो.

२००८ आणि २०११ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारे दिले. २०१९ मध्ये अंग बाहेर येण्यावर योनीमार्गातून बसवायच्या मोठ्या जाळीची विक्री थांबवली. लघवीसाठीच्या पट्टीवर ही बंदी नव्हती. बातम्यांत मात्र दोन्ही एकाच टोपलीत गेल्या. स्कॉटलंडने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये लघवीसाठीच्या पट्टीचाही वापर स्थगित केला. २०२० मधल्या कंबरलेज अहवालात, म्हणजे इंग्लंडमधल्या सरकारी चौकशीच्या अहवालात, वेदना झालेल्या बायकांना वर्षानुवर्षं ‘हे तुमच्या मनाचं आहे’ असं कसं ऐकवलं गेलं, ते नोंदलं आहे. त्यात काढण्याचाही प्रश्न आहे: छिद्रांतून ऊती वाढल्यामुळेच पट्टी टिकते, आणि त्यामुळेच ती पूर्ण काढणं अवघड होतं.

आज प्रयत्न तीन दिशांनी चालले आहेत. हलकी, ताणली तरी छिद्रं न मिटणारी वीण. पॉलिप्रॉपिलीनऐवजी पीव्हीडीएफसारख्या दुसऱ्या प्लास्टिकचा धागा. आणि शेफील्ड विद्यापीठात शीला मॅकनील यांच्या गटाने केलेलं, ऊतींसारखं लवचीक आणि इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाचा एक प्रकार हळूहळू सोडणारं पॉलियुरेथेन हे प्लास्टिक. तोवर इंग्लंडमध्ये शस्त्रक्रिया हवी असलेल्या बाईसमोर पर्याय म्हणून बर्चचे टाके आणि पोटाच्या आवरणाची तीच १९४२ ची झोळी पुन्हा ठेवली जाते आहे.