केरॅटोकोनस : संयुक्त उपचार

केरॅटोकोनस या विकारात डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होत जाऊन शंकूसारखा पुढे येतो. चष्म्याचा नंबर वारंवार बदलतो आणि पुढे चष्म्यानेही स्पष्ट दिसत नाही. विकाराचे पहिले समाधानकारक वर्णन लिव्हरपूलचे जॉन नॉटिंगहॅम यांनी १८५४ मध्ये केले, असे सामान्यतः मानतात.

जर्मनीतील ड्रेस्डेन येथे विकसित झालेल्या क्रॉसलिंकिंग या उपचाराचे (वोलेन्झाक, श्पेर्ल व झायलर, २००३) तंत्र असे : कॉर्नियावरील पेशींचा थर खरवडून काढतात, रायबोफ्लेविनचे (ब-२ जीवनसत्त्वाचे) पिवळे थेंब सुमारे अर्धा तास घालतात आणि नंतर ३० मिनिटे अतिनील-ए किरण सोडतात. त्यामुळे कॉर्नियातील कोलॅजन या प्रथिनाचे तंतू परस्परांशी घट्ट बांधले जाऊन विकाराची वाढ बहुधा थांबते; आकार मात्र फारसा सुधारत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी त्याला कॉर्नियाचा पातळ थर काढून आकार सुधारणाऱ्या लेझरची किंवा कॉर्निया सपाट करण्यासाठी त्यात बसवायच्या कंसाकार रिंगांची जोड देतात. अशा जोडणीच्या आरंभाचा मान कोणा एकाला देणे अवघड आहे. दोन्ही जोडण्यांचे अहवाल २००७ च्या सुमारास प्रसिद्ध झाले.

खरा वाद क्रमाचा आहे. लेझरच्या बाबतीत आधी क्रॉसलिंकिंग व काही महिन्यांनी लेझर, अशी सुरुवातीची रीत होती. तिच्यात घट्ट झालेलाच पुढचा थर लेझरने निघून जातो. शिवाय घट्ट झालेल्या ऊतीवर लेझर नेमका किती खोल जाईल, याचा अंदाज कठीण होतो. म्हणून दोन्ही एकाच बैठकीत, लेझर आधी, हा ग्रीक नेत्रतज्ज्ञ कॅनेलोपुलोस यांचा ‘अथेन्स प्रोटोकॉल’ अधिक ग्राह्य वाटतो. तोही निर्धोक नाही : ऊती कमी होते, धूसरपणा येऊ शकतो. यासाठी लेझरची खोली साधारण ५० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत ठेवतात आणि नंबर पूर्ण घालवण्याचा हट्ट धरत नाहीत. हा संयम अत्यावश्यक आहे, कारण मूळ क्रॉसलिंकिंगलाच पेशींचा थर काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन जाडी लागते.

रिंगा बहुधा आधी किंवा त्याच वेळी बसवतात. कारण क्रॉसलिंकिंगने कडक झालेला कॉर्निया रिंगांनी कमी सपाट होतो. प्लास्टिकच्या रिंगांऐवजी नेत्रदात्याच्या कॉर्नियाचे तुकडे वापरण्याची पद्धत चेन्नईच्या सूझन जेकब यांनी पुढे आणली (२०१८). तिलाही क्रॉसलिंकिंगची जोड देता येते.

या उपचारांनंतरही अनेकांना चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स लागते आणि डोळे चोळणे कटाक्षाने टाळावे लागते.