‘ष. ब्र.’ म्हणजे ब्रह्मचारी नव्हे

संक्रांतीला सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली की सोलापुरात चौकाचौकात फ्लेक्स लागतात. लिंगायत मठांच्या महास्वामींच्या नावाआधी ‘ष. ब्र.’ दिसतं. आमच्या गल्लीतले एक काका दरवर्षी ठामपणे सांगतात, "ब्र. म्हणजे ब्रह्मचारी." आणि ‘ष.’? "ते असंच असतं हो." बरीच वर्षं मीही मान डोलावली.

खरं तर ‘ष. ब्र.’ म्हणजे षट्स्थल ब्रह्मी. वीरशैव-लिंगायत परंपरेत साधनेच्या 6 पायऱ्या मानतात: भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण आणि ऐक्य. सुरुवात भक्तीची, शेवट शिवाशी एकरूप होण्यात. त्या षट्स्थलाचा अधिकारी म्हणून ही उपाधी. लग्न झालंय की नाही, याचा खुलासा त्या दोन अक्षरांत नसतो. ती सहसा शिवाचार्यांच्या, म्हणजे गुरुपरंपरेतल्या मठाधिपतींच्या, नावाआधी लागते. विरक्त मठाच्या, म्हणजे संन्यासी परंपरेतल्या, स्वामींच्या नावाआधी मात्र ‘म. नि. प्र.’ असतं, म्हणजे मन्निरंजन प्रणवस्वरूपी. मठ कोणत्या परंपरेचा, हे जाणकाराला तेवढ्यावरून कळतं.

नावाआधीच्या ‘श्री 108’चंही तसंच. 108 यात्रा केल्या, 108 ग्रंथ लिहिले, असं काही नाही. श्री 108 वेळा लिहायचा तर फ्लेक्सवर फोटोला जागा कुठून उरणार? म्हणून आकडा. 1008 हा त्याच आदराचा वाढीव आकडा.

समोर बोलताना मात्र यातलं काहीच लागत नाही. यात्रेतल्या नंदीध्वजाच्या मिरवणुकीत स्वामी दिसले की आजी वाकून लिंगायतांचा नमस्कार तेवढा करते, "अप्पाजी, शरणार्थी."